तीन दुकानं, नारळाचा एक भाव: लॅम्पोर्ट, व्हेक्टर की हायब्रीड घड्याळ?

चवथ तोंडावर आली आहे. फोंडा, म्हापसा, मडगाव अशी तीन दुकानं, प्रत्येक ठिकाणी बिलिंगचा एक काँप्युटर, आणि पावसात नेट कधी जाईल याचा नेम नाही. फोंड्यानं नारळाचा भाव 45 केला. त्याच दुपारी नेट नसलेल्या मडगावात कुणीतरी 42 टाकला. नेट आल्यावर कुठला भाव धरायचा?

काँप्युटरच्या तारीख-वेळेवर तर हे सोडूच नका. आमच्याकडच्या एका मशीनचा मदरबोर्डवरचा सेल संपला होता. वीज जाऊन आली की ते जुनी तारीख धरून बसायचं, आणि त्या दिवसाची बिलं कुठल्या तरी मागच्या वर्षात जाऊन पडायची.

त्यापेक्षा वेळेऐवजी घटनांचा क्रम मोजणारं 'घड्याळ' वापरा. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांचा 1978 चा उपाय त्यांत सगळ्यांत स्वस्त. प्रत्येक मशीनकडे एक आकडा. काही घडलं की एकानं वाढवायचा, निरोपासोबत पाठवायचा. निरोप घेणाऱ्यानं आपला आणि आलेला यांतला मोठा घेऊन त्यात एक मिळवायचा. कारणाचा आकडा परिणामापेक्षा नेहमी लहान राहतो. उलट मात्र म्हणता येत नाही. मडगावात नेटविना सहा बिलं झाली आणि मग भाव बदलला, तर तिथला आकडा 7; फोंड्याची ती पहिलीच नोंद, म्हणून 1. आकडा पाहिला तर 42 'नंतरचा' ठरतो. खरं तर दोघांना एकमेकांचा पत्ताच नव्हता.

हे 'पत्ता नव्हता' व्हेक्टर घड्याळाला कळतं. फिज आणि मॅटर्न या दोन संशोधकांनी 1988 मध्ये ते स्वतंत्रपणे मांडलं. इथे प्रत्येक दुकान तिघांचे आकडे बाळगतं, फोंडा, म्हापसा, मडगाव या क्रमानं. फोंड्याची नोंद (1,0,0), मडगावची (0,0,7). एक फोंड्यात जास्त, दुसरी मडगावात. म्हणजे कुणीच कुणाच्या आधीचं नाही. सॉफ्टवेअरनं इथे गप्प थांबून मालकाला विचारावं. फोंड्यात बसून त्यानं 45 कायम केला की नवी नोंद (2,0,7). ती दोन्हींपेक्षा नंतरची, वाद मिटला.

खर्च जागेचा. तीन दुकानांना 8 बाइटप्रमाणे 24 बाइट, काहीच नाही. पण प्रत्येक नोकराच्या मोबाइलला वेगळा रकाना दिलात तर यादी फुगत जाते. ॲमेझॉननं 2007 मध्ये डायनॅमो या आपल्या डेटा साठवणाऱ्या प्रणालीचं वर्णन केलं, त्यातही यादी लांबली की मशीन आणि त्याचा आकडा यांच्या जुन्या जोड्या छाटायची सोय होती. म्हणून रकाना दुकानाला द्या, माणसाला नको.

2014 चं हायब्रीड लॉजिकल घड्याळ खऱ्या वेळेला लगटून चालतं आणि 64 बिटांत, म्हणजे 8 बाइटांत मावतं. 'काल पाचच्या सुमाराला काय झालं' असं विचारायचं असेल तर सोयीचं. घड्याळ मागे गेलं तर ते सांभाळून घेतं, पण एखादं मशीन पुढे पळालं की बाकीच्यांनाही ओढत नेतं. कॉक्रोचडीबी हा डेटाबेस हेच वापरतो, आणि तिथे घड्याळांतल्या फरकाची मर्यादा मुळात 500 मिलिसेकंद ठेवलेली असते. सेल संपलेल्या मशीनवर ती कोण पाळणार? शिवाय दोन नोंदी परस्परांना अनभिज्ञ होत्या का, हे त्यालाही सांगता येत नाही.

नुसता लॉग, म्हणजे घडलेल्या गोष्टींची यादी, एका क्रमानं लावायचा असेल तर लॅम्पोर्ट, भावासाठी व्हेक्टर, बिलावर छापायला साधी वेळ. आणि शिल्लक नारळांच्या आकड्याला यातलं काहीच लावू नका: 'तीन विकले', 'पन्नास आले' अशा नोंदी ठेवा आणि बेरीज करा.