एक हिवाळा, एक नागपुरी उन्हाळा: ७८००एक्स३डी आणि ४०७० सुपरवर केलेलं ओव्हरक्लॉकिंग

यूट्यूबवरचे रिव्ह्यू बघून कॉम्प्युटर जोडणाऱ्या विदर्भातल्या माणसाने एक गोष्ट आधीच डोक्यात घ्यावी. ते सगळे आकडे २१-२२ अंशांच्या एसी खोलीतले असतात. माझ्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी कूलर चालू असताना ३२-३३ अंश असतं, आणि लाइट गेली की मग विचारूच नका. म्हणून मशीन जोडल्याबरोबर त्याच्या ओव्हरक्लॉकिंगबद्दल, म्हणजे कारखान्याच्या सेटिंगपलीकडे पार्ट ताणण्याबद्दल, काही लिहिलं नाही. २०२४ च्या पोळ्याच्या सुमारास सगळं जोडून झालं होतं. मध्ये हिवाळा गेला, अख्खा उन्हाळा गेला, आता मृगाच्या सरी आल्यात. हिवाळ्यात लावलेली कुठली सेटिंग्ज मे महिन्यात टिकली आणि कुठली नाही, हे आता सांगता येतं.

पार्ट असे: रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ च्या दोन स्टिका मिळून ३२ जीबी डीडीआर५-६००० सीएल३० रॅम, आरटीएक्स ४०७० सुपर ग्राफिक्स कार्ड, २ टीबीची एनव्हीएमई एसएसडी, ७५० वॅटचा गोल्ड एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई हा हीटसिंक आणि लियान लीचं लॅनकूल २१६ कॅबिनेट. मॉनिटर जुनाच, २७ इंची १४४०पी. जीएसटीसकट प्रकरण एक लाख साठ हजारांच्या घरात गेलं. बाबा म्हणाले, "एवढ्यात घरातल्या सगळ्या खोल्यांना एसी लागले असते." हिशेब त्यांचा बरोबरच होता.

बरेचसे पार्ट सीताबर्डीतून घेतले, कार्ड मात्र मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून मावसभावाने आणलं. तिथे अजूनही घासाघीस चालते, पण "बिल पाहिजे का?" या प्रश्नाला "हो" म्हणायचं आणि बिलावर सीरियल नंबर लिहून घ्यायचा. वॉरंटीसाठी गेलं की पहिला प्रश्न त्याचाच येतो.

जोडणीबद्दल फार लिहीत नाही, ती आता कुणालाही जमते. एएम५ सॉकेटवर, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खोबणीत, १७१८ पिना बोर्डावर असतात, प्रोसेसरवर नाहीत. त्यामुळे हीटसिंक काढताना थर्मल पेस्टला चिकटून प्रोसेसर उपटून येण्याची जुनी एएमडी भीती गेली. लिव्हर दाबताना मात्र कर्रर्र असा आवाज येतो आणि जीव वरखाली होतो. तो आवाज यायचाच असतो. दुसरं म्हणजे या प्रोसेसरच्या झाकणाला कडेने खाचा आहेत. पेस्ट जास्त झाली की त्या खाचांत जाऊन बसते आणि नंतर इअरबडने कोरत बसावं लागतं. मधोमध थोडी आणि चार कोपऱ्यांकडे चार थेंब, एवढी पुरते.

पहिल्यांदा स्विच दाबल्यावर पडदा काळाच राहतो. पंखे फिरतात, बोर्डावरचा डीरॅमचा दिवा पेटलेला असतो आणि मिनिटं जातात. मावसभाऊ दोनदा म्हणाला, "अरे बंद करून परत चालू कर ना." करायचं नाही. डीडीआर५ चं मेमरी ट्रेनिंग चालू असतं, बोर्ड प्रत्येक ओळीचं टायमिंग जुळवून बघत असतो. चहा ठेवायला जावं. नंतर बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगच्या पडद्यात) मेमरी काँटेक्स्ट रिस्टोअर चालू केलं की रोजच्या सुरुवातीला हा प्रकार होत नाही.

आता मूळ विषय. ओव्हरक्लॉकिंग म्हटलं की जुन्या लोकांना १९९८ चा सेलेरॉन ३००ए आठवतो. ६६ मेगाहर्ट्झची बस १०० वर नेली की साडेचारने गुणून सरळ ४५० मेगाहर्ट्झ, म्हणजे स्वस्तातल्या प्रोसेसरमध्ये दीडपट वेग. तसली लॉटरी आता कुणाला लागत नाही. कारखान्यातूनच प्रोसेसर जवळजवळ टोकापर्यंत ताणलेला येतो. त्यात ७८००एक्स३डीचा मल्टिप्लायर (वर गुणलेला तो आकडा) कुलूपबंद, वर जायची मर्यादा ५ गिगाहर्ट्झच्या आसपास. कारणही समजण्यासारखं आहे. या पिढीत ६४ एमबीचा जादा कॅश (प्रोसेसरमधली अतिवेगवान मेमरी) कोअर असलेल्या चिपच्या डोक्यावर चढवलेला आहे, उष्णतेला त्याच्यातूनच वाट काढावी लागते, म्हणून कमाल तापमान ८९ अंशांवर बांधलंय. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ९८००एक्स३डीत तो थर खाली नेला आणि कुलूपही उघडलं. माझा खर्च तोवर होऊन गेला होता, आणि खरं सांगायचं तर त्याची हळहळ वाटत नाही.

कारण कुलूप असलं तरी कर्व्ह ऑप्टिमायझर मोकळा आहे. प्रत्येक वेगाला किती व्होल्टेज द्यायचं हा तक्ता प्रोसेसरमध्ये असतो. तो आपण उणे आकड्यांनी खाली सरकवायचा. त्याच वेगाला व्होल्टेज कमी, म्हणून उष्णता कमी, म्हणून जड कामात वेग जास्त वेळ टिकतो. बहुतेक जण सगळ्या कोअरना उणे ३० ठोकतात, सिनेबेंच ही वेगाची चाचणी चालवतात आणि पास झालं म्हणतात. सिनेबेंचमध्ये आठही कोअर एकदम राबतात, त्यामुळे एकेका कोअरवर सर्वांत वरचा वेग येतच नाही. कच्चा कोअर सापडतो तो हलक्या कामात, ब्राउझर उघडा ठेवून आपण जेवायला गेलो की. म्हणून रात्री कोअरसायकलर हा चाचणीचा प्रोग्रॅम लावून झोपायचं; तो एकेका कोअरला स्वतंत्र घाम काढायला लावतो. माझ्याकडे सहा कोअर उणे ३० ला शांत राहिले, दोन मात्र उणे २० च्या खाली जायला तयार नाहीत. सिनेबेंच आर२३ चा आकडा १८ हजारांच्या पलीकडे गेला आणि तापमान सात-आठ अंशांनी उतरलं. गेममध्ये फ्रेम्स किती वाढल्या? मोजून दोन-तीन. गेम खेळताना हा प्रोसेसर ५०-६० वॅटच खातो, त्याला तिथे अडचण नव्हतीच. मिळाली ती शांतता: पंखे आता कानाला लागत नाहीत. आणि प्रोसेसरचं हे सेटिंग मे महिन्यातही जसंच्या तसं टिकलं.

रॅमचं तसं झालं नाही, आणि हाच भाग नीट सांगण्यासारखा आहे.

एक्सपो प्रोफाइल, म्हणजे रॅमसोबत येणारी तयार वेगवान सेटिंग्ज, चालू केलं की ६००० चा वेग मिळतो. पण त्याबरोबर बऱ्याच बोर्डांवर एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी सांभाळणाऱ्या भागाचं) विनाकारण वर जातं. २०२३ च्या एप्रिलमध्ये काही एक्स३डी प्रोसेसर जळाल्याच्या बातम्या आल्या, त्यानंतर एएमडीने या व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. मी हाताने १.१८ ठेवलंय आणि ६००० ला ते पुरतं. तुमच्या प्रोसेसरला थोडं जास्त लागू शकतं, पण १.३ च्या काठावर बसायचं काही कारण नाही.

पुढचा टप्पा रॅमच्या टायमिंगचा. त्यातलं सगळ्यांत फायद्याचं सेटिंग टीआरईएफआय. डीरॅमची प्रत्येक पेशी हा एक चिमुकला कपॅसिटर. गळक्या माठात पाणी भरत राहावं तसा त्याच्यात चार्ज पुन्हा पुन्हा भरावा लागतो, आणि भरणं चालू असताना रॅम दुसरं काम करत नाही. डीडीआर५ मध्ये दर ३.९ मायक्रोसेकंदांनी ही फेरी होते. ६००० च्या रॅमचं खरं घड्याळ ३००० मेगाहर्ट्झ, म्हणजे टीआरईएफआयचा आकडा साधारण ११,७०० क्लॉक. बायोस तो ६५,५३५ पर्यंत वाढवू देतं. तसं केलं की दोन फेऱ्यांमधलं अंतर जवळपास २२ मायक्रोसेकंद होतं आणि लेटन्सी (रॅमकडून उत्तर यायला लागणारा वेळ) चक्क जाणवेल इतकी घटते. जानेवारीत मी तेच केलं. खोलीत १८-१९ अंश, रॅमचं तापमान चाचणीतही ४२ च्या पुढे नाही. टेस्टमेम५ ही रॅमची चाचणी रात्रभर चालली, एकही चूक नाही. एडा६४ या मोजणीच्या प्रोग्रॅममध्ये लेटन्सी ७० नॅनोसेकंदांच्या आसपास होती, ती साठीच्या पहिल्या टप्प्यात आली.

एप्रिलच्या शेवटी तीच चाचणी मुद्दाम दुपारी दोनला लावली, आणि बरोबर ग्राफिक्स कार्डावरही भार टाकला, कारण खरा गेम चालू असताना कार्डाची गरम हवा थेट रॅमवर येते. डीडीआर५ मध्ये व्होल्टेज सांभाळणारी चिपही रॅमच्या पट्टीवरच असते, तिची उष्णता वेगळी. स्टिका ५८ अंशांवर गेल्या आणि चुका दिसायला लागल्या. कपॅसिटर तापला की चार्ज लवकर गळतो, आणि माझी फेरी तर पाचपट उशिरा येत होती. यातली वाईट गोष्ट अशी की विंडोज काही बोलत नाही. निळा पडदा आला तर निदान कळतं. इथे एखादी मोठी झिप उघडताना सीआरसीची (डेटा जुळत नसल्याची) चूक येते, आपण डाउनलोडला दोष देतो, आणि दरम्यान फोटोंच्या फोल्डरमध्ये काय बिघडलं ते कुणालाच कळत नाही.

आता टीआरईएफआय ३२,७६७ वर आहे, रॅमचं व्होल्टेज १.४० वरून १.३५, आणि स्टिकांवर हवा पडेल असा एक जुना १२० मिमीचा पंखा झिप-टायने बांधलाय. दिसायला गबाळा आहे. पण मे महिन्यातल्या सगळ्यांत वाईट दुपारीही तापमान ५० च्या आत राहिलं आणि चाचणी स्वच्छ गेली. लेटन्सीत एखाद-दोन नॅनोसेकंद गेले. एक्स३डीच्या ९६ एमबी कॅशपुढे गेममध्ये त्याचा फरक शोधूनही सापडत नाही. मग जानेवारीत एवढी खटपट कशाला, असं कुणी म्हणालं तर माझ्याकडे उत्तर नाही. मजा येते, एवढंच.

तापमानाचे आकडे वाचतानाही जरा सांभाळा. ३० मे २०२४ ला नागपुरात एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश नोंदले गेले आणि देशभर बातम्या झाल्या. नंतर हवामान खात्याने सेन्सरच बिघडल्याचं सांगितलं. एचडब्ल्यूइन्फो या सेन्सर दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्येही बोर्डाचा एखादा सेन्सर थेट ११५ अंश दाखवतो, आणि तो बऱ्याचदा कशालाच जोडलेला नसतो. स्टिकांवर मात्र स्वतःचा सेन्सर असतो, त्याच्यावर विश्वास ठेवा.

कार्डाचं काम सोपं आणि सगळ्यांत फायद्याचं. ४०७० सुपरची कमाल २२० वॅटची. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये कंट्रोल-एफ दाबून व्होल्टेज आणि वेगाचा कर्व्ह उघडायचा, ०.९५ व्होल्टला २६०० मेगाहर्ट्झच्या जरा वर टेकवायचा आणि पुढची रेघ सपाट करायची. सायबरपंक या गेममध्ये २१५ वॅटच्या आसपास खाणारं कार्ड १७० वर आलं, फ्रेम्स शंभरातल्या दोन-तीन गेल्या. वरून कार्डाच्या मेमरीला प्लस १००० मेगाहर्ट्झ दिलं की तेवढ्या परत मिळतात. जास्त हाव धरली तर गंमत होते: प्लस १५०० लाही काही क्रॅश होत नाही, पण फ्रेम्स खाली येतात. कार्डावरची जीडीडीआर६एक्स मेमरी चुकलेला डेटा ओळखून पुन्हा पाठवते, त्यात वेळ जातो. त्यामुळे क्रॅश नाही म्हणजे स्थिर, हे या मेमरीला लागू नाही. फ्रेम्स मोजाव्याच लागतात.

हे ४५ वॅट नागपुरात फार मोलाचे. मशीन ओढतं तो प्रत्येक वॅट शेवटी खोलीतच उष्णता होऊन उतरतो. भिंतीच्या सॉकेटवर मोजलं तर गेममध्ये आधी ३४० च्या आसपास वाचायचं, आता २८० च्या. साडेतीन तास खेळलो की साधारण एक युनिट. बाकी साध्या कामात हा प्रोसेसर उगाच जास्त वीज खातो, नुसता डेस्कटॉप उघडा असताना एकटाच २५ वॅट. चिपलेटच्या, म्हणजे छोट्या चिपा जोडून केलेल्या, रचनेचा तो स्वभाव आहे.

खोलीतल्या कूलरविषयी बरेच जण विचारतात. कोरड्या मे महिन्यात तो मशीनला चांगलाच. फक्त कॅबिनेट त्याच्या झोतात ठेवू नका. आमच्याकडे बोअरचं पाणी, त्याचे बारीक थेंब वाळले की जाळीवर पांढरी भुकटी बसते. ती ब्लोअरनेही नीट निघत नाही, ब्रशने घासावी लागते. लॅनकूल २१६ ला पुढे १६० मिमीचे दोन पंखे आत हवा ओढतात आणि मागे १४० चा एकच बाहेर टाकतो. आतला दाब जास्त राहतो, म्हणून फटींतून धूळ शिरत नाही. पण पुढच्या जाळीला धुळीची गाळणी वेगळी लागते, ती घेऊन लावा. जूनपासून कूलर उपयोगाचा नाही, नुसता दमटपणा वाढवतो.

लाइट जाण्याचा बंदोबस्त आधी करा, आरजीबीचं, म्हणजे रंगीत दिव्यांचं, नंतर बघा. घरच्या इन्व्हर्टरची चौकोनी लहर या एसएमपीएसला मानवत नाही. साइन वेव्हचा यूपीएस घ्या. माझा ६०० वॅटचा आहे, अंडरव्होल्ट केल्यामुळे (व्होल्टेज उतरवल्यामुळे) चालू गेम सेव्ह करून बंद करायला आरामात वेळ मिळतो.

तक्रार एकच. कार्डाला कॉइल व्हाइन आहे, मेनू स्क्रीनवर फ्रेम्स मोकाट सुटल्या की चिरका आवाज येतो. दुकानदार म्हणाला हा दोष धरत नाहीत, बदलून मिळणार नाही. फ्रेम्स १६० ला बांधल्यावर जवळपास गेला. आणि एक: एक्सपो चालू करणंसुद्धा एएमडीच्या लेखी ओव्हरक्लॉकिंगच आहे, वॉरंटीच्या अटी वाचून मगच हात घाला.

पाण्याने थंड करणारा एआयओ का नाही घेतला, तर ६० वॅटच्या गेमिंगला त्याची गरज नाही, आणि पंप पाच वर्षांनी बंद पडला तर हीटसिंकसारखा नुसता पंखा बदलून भागत नाही. असॅसिनचे दोन्ही पंखे साधे १२० मिमीचे आहेत, कुठल्याही दुकानात मिळतात.