पहाट, रात्र की वाचनालय? लेकरं सांभाळून लिहिणाऱ्यांनी कोणता वेळ निवडावा

आमच्या गल्लीतली एक सूनबाई गेल्या महिन्यात दोनशे पानी वही घेऊन माझ्याकडे आली. लग्नाआधी लिहिलेल्या सहा कथा त्या वहीत होत्या. सातवी अर्ध्यावर थांबलेली, आणि तिच्या शेवटच्या ओळींवर तिच्या तीन वर्षांच्या मुलानं लाल खडूनं गोल काढलेले. "काकू, तुम्ही कधी लिहिता ते सांगा, मी तसंच करते," ती म्हणाली. मी लगेच काही सांगितलं नाही, कारण माझी आजची पद्धत तिच्या घरात चालणार नाही. माझी मुलगी चौदाची आहे, मुलगा नऊचा. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी हिशेबाचं काम करते आणि अकरा वर्षं कथा लिहिते. या काळात चार पद्धती करून पाहिल्या, त्यातल्या दोन पुढे सोडाव्या लागल्या, आणि त्यातली एक अलीकडे पुन्हा धरली. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्याच विचारात पडलेल्या आयांसाठी, बाबांसाठी, त्या इथे शेजारी शेजारी ठेवते.

कुठलाही वेळ तपासताना मी दोन प्रश्न विचारते. हा वेळ माझ्याकडून कोण, किती सहज काढून घेऊ शकतं? आणि मधेच उठावं लागलं, तर परत बसल्यावर कथेत शिरायला किती मिनिटं लागतात? एकूण तास किती मिळतात, हे मी त्यानंतर बघते. एका वर्षी मला जवळजवळ रोज दोन तास मिळाले होते आणि त्या वर्षात माझी एकही कथा पूर्ण झाली नाही.

पहाट आणि रात्र

पहाटेचं कौतुक सगळेच करतात आणि ते खोटं नाही. डोकं ताजं असतं, फोन गप्प असतो. सोलापुरात तर एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ वर जातो, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या खोलीत बसवेल असे तास तेवढेच. पण आपल्या गावात पहाट एकटीची नसते. नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि ज्या दिवशी पाण्याची पाळी असते त्या दिवशी टाकी, पिंप, हंडे भरेपर्यंत दुसरं काही सुचत नाही. आमच्याकडे पाणी बरेचदा पहाटेच यायचं. नायिका दारात उभी आणि मी मोटर चालू करायला जिन्यात, असं कितीदा झालं.

पाण्यापेक्षा मोठी अडचण लेकराची. चार वर्षांखालच्या मुलाला शेजारची जागा रिकामी झालेली झोपेतही कळते. मी साडेचारला उठले की मुलगा पावणेपाचला उठायचा. पाच महिने रेटून पाहिलं. शेवटी मी त्याच्यावर चिडायला लागले, तेव्हा थांबवलं. तो सात वर्षांचा झाल्यावर पुन्हा पहाटेला सुरुवात केली आणि आज माझं बरंचसं लिखाण त्याच वेळी होतं. साडेसहाला डब्यासाठी उठावं लागतं, पण त्याची आता मदतच होते, कारण समोर भिंत दिसली की पेन भरभर चालतं. म्हणून धाकटं मूल सात-आठ वर्षांचं झालं असेल तर पहाट घ्या. त्याआधी तिच्या वाटेला जाऊ नका.

रात्रीबद्दल थोडक्यात. मुलं झोपल्यावरचा वेळ सहसा कुणी मागत नाही, हा तिचा मोठा गुण. पण दिवसभर आकडे जुळवून आणि संध्याकाळी भाकऱ्या थापून उरलेल्या डोक्यातून जे यायचं, त्यातलं निम्मं मी सकाळी खोडायचे. एकदा सलग दहा-बारा रात्री पाच तासांच्या झोपेवर काढल्या आणि मग शुद्धलेखनाच्या एका चुकीवरून मुलीला इतकी बोलले, की तिनं वही उघडायचंच सोडलं. झोप माझी झालेली नव्हती आणि बोलणी तिनं खाल्ली. आता रात्री मी फक्त झालेलं लिखाण तपासते, काना-मात्रा बघते, नको ती वाक्यं काढते. त्यासाठी दमलेलं डोकंही पुरतं.

तुकड्यातुकड्यांनी लिहिणं

ही पद्धत लहान मुलांच्या घरासाठी आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी नीट सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं माहेर सोलापूरच्या पूर्व भागातलं. दिवसरात्र लूमचा खटखटाट, आणि दारोदारी विड्या वळणाऱ्या बायका. शेजारच्या तेलुगू अक्का कारखान्यातून तेंदूची पानं आणि तंबाखू आणायच्या. पानं भिजवायच्या, मग बसून साच्यानं कापायच्या. मांडीवरच्या सुपात वळायचं काम चाले, मग विड्यांची तोंडं मुडपायची, शेवटी जुड्या बांधायच्या. दर हजार विड्यांमागे मजुरी मिळते, तीही थोडी, आणि त्या कष्टात गोड काही नाही. पण एक गोष्ट मी लहानपणी तिथे पाहिली ती मला लिहिताना उपयोगी पडली. कुठल्या कामाला किती लक्ष लागतं हे अक्कांना पक्कं ठाऊक होतं. लेकरू रडत असलं तर त्या जुड्या बांधत. ते झोपलं की कापायला घेत, कारण पान वाकडं कापलं गेलं तर वाया.

कथेचंही तसंच वाटून ठेवता येतं. पात्राचं नाव, त्याच्या घरातली भांडी, बसमध्ये कानावर पडलेलं एखादं वाक्य, प्रसंगांचा क्रम, 'ही बाई हे पत्र फाडेल की जपून ठेवेल' हा विचार, हे सगळं कुकरच्या तिसऱ्या शिट्टीपर्यंत होतं. ओट्याजवळ छोटी वही आणि दोरीला बांधलेली पेन्सिल ठेवा. बांधायची एवढ्यासाठी, की मुलं पेन्सिल नेतात. कथेचं पहिलं पान, शेवट, आणि माणसाचं मन जिथे फिरतं तो प्रसंग मात्र तुकड्यांत लिहायला जाऊ नका. मी एकदा गेले होते. तीन आठवड्यांत तीन वेगवेगळ्या सुरांतली तीन पानं हाती आली.

फोनवर बोलून टाइप करायची सोय आता मराठीतही चांगली चालते. हात कणकेत असताना मी ती वापरते. विरामचिन्हं नंतर हातानं घालावी लागतात आणि आपल्या बोलीतले शब्द तो परस्पर सरळ करून टाकतो, त्यामुळे संवाद बोलून उतरवले असतील तर त्याच दिवशी तपासा. दुसऱ्या दिवशी आपण नेमकं काय म्हटलं होतं ते आठवत नाही.

कविता लिहिणाऱ्यांना या पद्धतीत वही नसली तरी चालेल. बहिणाबाईंनी जात्यावर, शेतात, कामाच्या लयीतच रचना केल्या. त्यांचा मुलगा सोपानदेव यांच्यामुळे त्या कागदावर टिकल्या आणि बहिणाबाई गेल्याच्या पुढच्या वर्षी, १९५२ साली, पुस्तक आलं. ओवी लयीमुळे ध्यानात राहते. गद्याला तशी खुंटी नसते, ते लगेच उतरवावं लागतं.

वेळ कोण काढून घेऊ शकतं, या प्रश्नावर ही पद्धत सगळ्यांत कच्ची. कुणीही, कधीही उठवतं. पण तुकडा इतका लहान असतो, की तो गेला तरी मन खट्टू होत नाही.

घराबाहेरचे दोन तास

मला आठवड्यातून एकदाच मिळणारे दोन तास रोजच्या अर्ध्या तासापेक्षा जास्त उपयोगी पडले. हिशेबानं रोजचा अर्धा तास आठवड्याला साडेतीन तास होतो. पण त्यातली दहा-पंधरा मिनिटं रोज कथेत शिरण्यातच जातात. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या ठिकाणी आजूबाजूला माणसं वाचत बसलेली असतात, तिथे आपणही बसून राहतो. घरात आई दिसली म्हणजे ती मोकळी आहे असं लेकरांना वाटतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. दार लावून घेतलेल्या खोलीपेक्षा चपला घालून बाहेर गेलेली आई त्यांना लवकर समजते.

पण या दोन तासांचं मोल दुसरं कुणीतरी देत असतं, आणि हे मला उशिरा समजलं. पहिले काही महिने मी 'बँकेत जाऊन येते', 'शिंप्याकडे जाते' असं सांगून निघायचे. तिथे बसूनही घड्याळाकडे लक्ष, आणि घरी येताना चोरी केल्यासारखं वाटायचं. एका शनिवारी सासूबाईंना सरळ सांगितलं, "आई, मी कथा लिहायला जाते. शनिवारी दुपारी दोन तास मुलांकडे बघाल का?" त्या म्हणाल्या, "बघते की. मग बुधवारी मला भजनाला जायचं असतं, तू कामावरून लवकर ये." इतकी वर्षं त्या बुधवारी माझी वाट बघत अर्धं भजन चुकवत होत्या आणि बोलल्या नव्हत्या. त्या दिवसापासून शनिवार माझा, बुधवार त्यांचा. माझ्या शनिवारवर मग कुणी हात ठेवला नाही, कारण त्याला बुधवार बांधलेला होता.

वडील लिहीत असतील तर त्यांनी हे आणखी नीट बघावं. बाबा लिहायला बसले की घरात आपोआप 'हळू बोला' सुरू होतं. दार दुसरंच कुणीतरी लोटून घेतं आणि ते कुणाच्या वेळातून आलं हे दिसतही नाही. ते शोधा, आणि त्या माणसाला तितकेच तास परत द्या. घरात सासू-सासरे नसतील तर ओळखीचं दुसरं घर गाठा. माझी कारखान्यातली मैत्रीण आणि मी दोन वर्षं असं केलं. एका रविवारी चारही मुलं तिच्याकडे, पुढच्या रविवारी माझ्याकडे.

कविता, कथा की कादंबरी

इथे आकडेमोडच उपयोगी. आठवड्यात पाच वेळा अडीचशे शब्द झाले तर साडेबाराशे होतात. साडेतीन हजार शब्दांच्या कथेचा पहिला खर्डा तीन आठवड्यांत हातात येतो, दुसऱ्या-तिसऱ्या हाताला आणखी महिना. साठ हजार शब्दांची कादंबरी याच वेगानं अठ्ठेचाळीस आठवडे घेते, तेही गोवर, परीक्षा, लग्नसराई आणि जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा मधे न येता. सोलापुरात गड्डा असताना मुलांना घरी बसवून लिहीन म्हणणाऱ्याला मी तरी ओळखत नाही.

म्हणून मूल शाळेत जायच्या आधीच्या वर्षांत मी कथेच्या बाजूची आहे. दिवाळी अंक हे तिचं हक्काचं घर. १९०९ साली 'मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढला, ती रीत अजून चालू आहे. अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यात होते, म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाल्या की आपल्या हातात थोडे दिवस असतात. सुट्टीतच संपवीन असं ठरवू नका. मे महिन्यात भाचरंही घरात असतात.

आत्ता की मुलं मोठी झाल्यावर?

"नंतर लिहीन" हा पर्याय मी हलका मानत नाही. ज्या घरात आजारपण आहे, पैशाची ओढ आहे, तिथे तो शहाणपणाचाही असतो. पण 'नंतर'चं उदाहरण म्हणून आपल्याकडे लेखक त्र्यं. वि. सरदेशमुखांचं नाव निघतं, तेव्हा अर्धीच गोष्ट सांगितली जाते. १९१९ चा जन्म आणि कादंबरीला साहित्य अकादमी पुरस्कार २००३ चा, म्हणजे ऐंशी ओलांडल्यावर, हे खरं. पण त्याआधीची कित्येक वर्षं ते लिहीतच होते. म्हणून मोठं काम पुढे ढकलायचं असेल तर खुशाल ढकला, पण ओट्याजवळची वही बंद करू नका. मी धाकट्याच्या वेळी दीड वर्ष पूर्ण बंद ठेवली होती. परत बसले तेव्हा एक परिच्छेद लिहायला चार दिवस लागले आणि त्या चार दिवसांत मी रोज रडले.

एक गोष्ट वेळेच्या हिशेबात येत नाही, पण निर्णय घेताना ती धरायला हवी. घरात बसून लिहिलं की घरातलंच लिखाणात येतं. मुलगी पाचवीत असताना तिच्या भीतीवर मी एक कथा लिहिली. नाव बदललं होतं, बाकी सगळं तसंच. तिच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईनं ती वाचली आणि शाळेत बोलणं झालं. मुलगी मला म्हणाली, "ती माझी गोष्ट होती, तू मला विचारलं पण नाहीस." चार वर्षं झाली, मला ते वाक्य विसरता आलेलं नाही. आता तिच्याबद्दलचं काहीही छापायला देण्याआधी तिला वाचायला देते. दोनदा तिनं नको म्हटलं, त्या दोन्ही कथा कपाटात आहेत. मुलगा अजून लहान आहे, म्हणून त्याच्याबद्दलचं फक्त माझ्या रोजनिशीत जातं.

सूनबाईला मी पहाट सुचवली नाही. ओट्याजवळची वही आणि शनिवारचे दोन तास, एवढंच सांगितलं, आणि कादंबरी मुलगा शाळेत रुळल्यावर. वही तिनं त्याच दिवशी घेतली. शनिवारबद्दल नवऱ्याशी बोलायला मात्र ती बिचकते आहे. "आधी त्यांना काय हवंय ते विचार," मी तिला म्हटलं. येत्या शनिवारी तीन वाजता मी तिला न्यायला तिच्या दारात उभी राहणार आहे. त्याच्या आत ते बोलणं व्हायला हवं.