गांजाचं ऑटो बी सांगून फास्ट गळ्यात मारलं, ११४ युरो ४० सेंट पाण्यात

लाज वाटतेय लिहायला, पण ज्या बियांच्या दुकानाने मला फसवलं, परवा अजून एकाने मला त्याच दुकानाबद्दल विचारलं म्हणून लिहितोय. मी जर्मनीत राहतो, इथे १ एप्रिल २०२४ पासून अठरा वर्षांवरच्या माणसाला घरी गांजाची ३ रोपं लावता येतात, तेव्हा कायद्याचे डोस पाजायला कोणी येऊ नका. आणि तीन म्हणजे तीनच. बी चुकलं की अख्खा सीझन गेला.

मला ऑटोच, म्हणजे आपोआप फुलणारं बी हवं होतं. बाल्कनी एवढीशी, ऑक्टोबरात पाऊस नि गारठा. ऑटोला दिवस लहान की मोठा याच्याशी देणंघेणं नसतं, रुडेरालिस या रानटी गांजाचं रक्त, रुजल्यावर तीन-चार आठवड्यांत आपापलं फुलायला लागतं आणि दहा-अकरा आठवड्यांत कापणी. फास्ट म्हणजे वेगळं, त्यात ऑटोचा अंश असतो पण रात्र मोठी झाल्याशिवाय ते फुलत नाही, फक्त नंतर एक-दोन आठवडे लवकर आवरतं. हे सगळं मला माहीत होतं, तरी फसलो.

एप्रिल २०२५. ‘ऑटो फास्ट, फेमिनाइज्ड’ (म्हणजे फक्त मादी रोपं देणाऱ्या), १० बिया ७९ युरो, पोस्टेज ८.९०, साध्या पाकिटातून पाठवायचे वर १२. एकूण ९९.९०. कार्ड चालत नाही म्हणे, बँक ट्रान्सफर करा. पत्ता नेदरलँड्सचा आणि आयबॅन, म्हणजे बँक खात्याचा नंबर, लिथुआनियाचा, तिथेच थांबायला हवं होतं. आता ऑक्टोबर २०२५ पासून युरो ट्रान्सफरला बँक खात्याचं नाव जुळतंय का ते दाखवते, माझ्या वेळी ते नव्हतं, त्यामुळे सगळाच गाढवपणा माझा नाही.

पण खरी चूक ती नाहीच. बियांच्या माहितीत शेवटी एक ओळ होती, ‘१२/१२ लाइटवर टाकल्यापासून ७ आठवड्यांत तयार’. १२/१२ म्हणजे बारा तास उजेड, बारा तास अंधार. अरे, ऑटोला १२/१२ कशाला लागतंय! ही ओळ मी वाचली होती, स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे, वर ‘७ आठवडे, भारी’ म्हणून मित्राला पाठवलाय. तो स्क्रीनशॉट आजही उघडला की स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

मे महिन्याच्या सुरुवातीला ३ बिया लावल्या. सहा आठवडे झाले, फांदीच्या बेचक्यात फुलाची पहिली खूण म्हणून एक पांढरा केस दिसेल तर शपथ. दुकानदाराला मेल केला, उत्तर आलं की स्ट्रेस असेल, खत कमी करा. मी येड्यासारखं खत कमी केलं. जुलैत एका रोपावर केसांऐवजी छोट्या गोळ्यांचे झुपके लटकले, म्हणजे नर, फेमिनाइज्ड म्हणून विकलेला! ते उपटलं. परत मेल, तर म्हणे बदली बिया देतो, फक्त पाठवायचे १४.५० भरा. आणि मी भरले. हो, भरले. त्यानंतर मेल बंद. बदली बिया मागणाऱ्याने पोस्टेज भरायचं नसतं, एवढं तरी लक्षात ठेवा.

बँक म्हणाली तुम्ही स्वतःच पाठवलेत, परत येत नाहीत. पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार टाकली, काही नाही, मग स्वतः गेलो. तिथल्या साहेबांनी पहिला प्रश्न काय विचारावा, तर तुमच्याकडे रोपं किती? मी चोर की तो? शेजारच्या टेबलावरचा हसला, म्हणाला बी उगवलं ना मग फसवणूक कसली. म्हणजे कांद्याचं बी सांगून मुळा दिला तरी उगवला म्हणून गप्प बसायचं का? ग्राहक सल्लावाल्यांनी तर सल्ल्याचीच फी सांगितली. आणि पोलिसांतल्या तक्रारीचं म्हणाल तर परदेशी दुकान, छोटी रक्कम, फाइल बंद, तसं पत्रच आलं दोन ओळींचं.

कार्ड किंवा बायर प्रोटेक्शन (फसलात तर पैसे परत मिळायची सोय) नसेल तर घेऊच नका. ब्रीडरचं, म्हणजे बी तयार करणाऱ्याचं सीलबंद पाकीट बघा, मला साध्या झिपच्या पिशवीत आल्या होत्या. आणि ऑटो-फास्ट असे दोन्ही शब्द एकत्र दिसले की आधी लेखी विचारा, १८ तास लाइटमध्ये फुलेल का, हो की नाही.

उरलेल्या दोन रोपांना ऑगस्टमध्ये फुलं आली, ऑक्टोबरच्या पावसात आतून करडी बुरशी. जाड बोंड बोटांनी उघडलं तर आतून भुसा, धूर उडावा तशी धूळ उडाली. सगळं कचऱ्यात.

आईने जूनमध्ये व्हिडिओ कॉलवर मागची पानं बघून विचारलं होतं, अंबाडी लावलीस का रे? मी हो म्हणालो. आता दर रविवारी विचारते, भाजी केलीस का.