शासन निर्णयांचे संकेतस्थळ : जादा कामाला हरकत घेताना शिक्षकाला किती उपयोगी?

शनिवारी दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येतो : ‘सर्वेक्षण सोमवारपर्यंत पूर्ण करावे.’ सही नाही, जावक क्रमांक नाही. मुळात असा आदेश निघाला आहे का, हे पाहायला राज्य शासनाचे शासन निर्णय संकेतस्थळ हे सर्वांत भरवशाचे ठिकाण. फुकट आहे आणि नोंदणीही लागत नाही.

संकेतांक हाताशी असेल तर काम पटकन होते. निर्णयाच्या शेवटी ‘त्याचा संकेतांक … असा आहे’ या वाक्यात 18 अंक असतात. पहिले आठ वर्ष, महिना आणि दिवसाचे, शेवटचे दोन विभागाचे. शालेय शिक्षणाचे 21. हे आठ अंक आणि वरची तारीख यांत थोडा फरक असला तरी बिघडत नाही, निर्णय कधी कधी उशिरा चढवला जातो. पण संकेतांक टाकूनही काहीच मिळाले नाही, तर फिरत असलेल्या पीडीएफवर विसंबू नका.

संकेतांक नसेल तर मात्र दमछाक होते. शब्दाच्या शोधात शुद्धलेखनाचा एवढासा फरकही नडतो. त्यापेक्षा शब्दाची चौकट रिकामी ठेवा, विभाग निवडा आणि महिन्याभराच्या तारखा टाका. शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची विभागणी करणारा ऑगस्ट 2024 चा निर्णय असाच काढावा.

मोठी उणीव अशी, की नंतर बदललेल्या निर्णयावर तशी खूण नसते. नव्या निर्णयाच्या ‘संदर्भ’ यादीत जुना आला आहे का, हे आपणच पाहायचे. जिल्हाधिकाऱ्यांचे निवडणूक आदेश इथे शोधू नका. मूळ कायदाही इंडिया कोड या केंद्र सरकारच्या कायद्यांच्या संकेतस्थळावरून घ्यावा लागतो, आणि खरी ताकद तिथेच आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 27 नुसार अशैक्षणिक कामे तीनच : दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक. त्याच्या परिशिष्टात शिक्षकाच्या कामाचे आठवड्याला 45 तास दिले आहेत, तेही पाठाची तयारी धरून. हे ‘तयारी धरून’ शब्द अर्जात जसेच्या तसे उतरवा. हा कायदा आठवीपर्यंतचा. नववीपासून पुढे खाजगी शाळांत 1981 ची सेवाशर्ती नियमावली पाहावी.

जादा तासांचा मोबदला कामगार कायद्याखाली मागायला जाऊ नका. शिक्षक ‘कामगार’ नाही, असे गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्येच ठरवले आहे. निवडणुकीचे काम तोंडी नाकारणेही अंगाशी येते, कारण त्यात शिक्षेची तरतूद आहे. तिथे सर्वोच्च न्यायालयाच्या 2007 च्या सेंट मेरीज स्कूल निकालाचा आधार घ्या : मतदार यादीचे काम सुट्टीच्या किंवा अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावे, एरवी शाळेच्या वेळेत नको.

अर्ज मुख्याध्यापकांमार्फत द्या, निर्णयाची प्रत जोडा, आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय निघू नका.