पोलार एच१०: ॲब्लेशननंतर पुन्हा स्पर्धेत उतरताना वापरलेला छातीचा पट्टा

आधीच सांगते, हृदयाचे ठोके मोजणारा हा पट्टा मी टायमिंग सुधारायला घेतलेला नाही. मला एसव्हीटी होती, म्हणजे हृदय अचानक फार वेगाने धडधडायला लावणारा लयीचा बिघाड. त्यातला एव्हीएनआरटी हा प्रकार. हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणाऱ्या गाठीपाशी विजेला जायला दोन वाटा असतात आणि करंट तिथल्या तिथेच गोल फिरत राहतो. २०० मीटर मिडले संपवून भिंतीला हात लावला तेव्हा ठोके १९० च्या वर गेले होते आणि काठावर बसूनही उतरेनात. कॅज्युअल्टीतल्या ईसीजीत ते नेमकं सापडलं. पुढे ॲब्लेशन झालं, म्हणजे शिरेतून नळी घालून ती जादा वाट बंद केली, आणि डॉक्टरांनी मास्टर्स, म्हणजे प्रौढांच्या, स्पर्धांनाही हो म्हटलं. तरी ब्लॉकवर उभं राहिलं की सगळं लक्ष छातीकडेच. त्या काळात मला या पट्ट्याचा खरा आधार झाला.

होल्टर, म्हणजे दिवसभर अंगावर राहणारं ईसीजीचं यंत्र, लावून टँकमध्ये उतरता येत नाही. घड्याळाचा ईसीजी काढायला स्वस्थ बसावं लागतं, आणि मनगटावर प्रकाशाने ठोके मोजणारा सेन्सर पाण्यात हात मारताना गडबडतो. एच१० छातीवरच्या इलेक्ट्रोडमधून हृदयाचे विद्युत संकेतच वाचतो आणि ३० मीटर खोलीपर्यंत वॉटरप्रूफ आहे. ब्लूटूथ पाण्यातून जात नाही, म्हणून त्याची स्वतःची मेमरी आहे. फोनवरच्या ॲपमधून रेकॉर्डिंग सुरू करायचं, फोन बॅगेत टाकायचा, पोहून आल्यावर सिंक करायचं. मेमरीत एकच सेशन राहतं, त्यामुळे पुढच्या सरावाआधी ते उतरवून घ्यायला विसरू नका.

मला आकड्यापेक्षा आलेखाचा आकार महत्त्वाचा वाटतो. पुण्यातल्या टिळक टँकवर सर १०० मीटर फ्रीस्टाइलचे सेट देतात तेव्हा माझी रेघ घाटासारखी चढते आणि विश्रांतीत उतरते. एसव्हीटी अशी चढत नाही. दोन-चार ठोक्यांत ती एकदम वर जाते आणि वरच सपाट राहते, तुम्ही थांबलात तरी. हा फरक एकदा नीट समजला की जोरात पोहून धडधडणारं हृदय आणि बिघडलेली लय यांची गल्लत कमी होते. माझी भीती या आलेखांनी हळूहळू कमी केली. ॲब्लेशननंतर काही काळ मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटायचा. रेघ मात्र शांत असायची, आणि तो आलेख फॉलोअपला दाखवल्यावर डॉक्टरांशी बोलणंही नेमकं झालं.

आता मर्यादा. भिंतीवरून ढकलताना पाण्याचा जोर येऊन पट्टा सरकतो. पुरुषांना हा त्रास जास्त, आमचा स्विमसूट तो दाबून धरतो. सरकला की आलेखात एखादा उंच काटा उगवतो. असा एकटा काटा टर्नच्या क्षणी दिसला तर घाबरू नका. वर जाऊन टिकलेली रेघ मात्र डॉक्टरांना दाखवायचीच. क्लोरीन फार असलेल्या किंवा समुद्राच्या पाण्यात वीज सहज वाहते, त्यामुळे इलेक्ट्रोड शॉर्ट होऊन संकेत हरवू शकतो. मालवणला चिवला बीचच्या सागरी स्पर्धेसाठी हा घ्यायचा विचार असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका. आणि पळताना आणि पोहताना दिसणाऱ्या आकड्यांची तुलनाही नको. पाण्यात आडवं असताना ठोके साधारण दहाने कमी भरतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हा पट्टा अलार्म नाही. पाण्यात काही झालं तर तो कोणालाच कळवत नाही. माझ्या लेनमधल्या ताईंना आणि जीवरक्षकाला माझं निदान माहीत आहे. धडधड सुरू झाली तर लेनचा दोर पकडायचा, हात वर करायचा, बाहेर यायचं, हे आमचं ठरलेलं आहे. थंड पाण्यात चेहरा बुडवून एसव्हीटी थांबवायचा उपाय डॉक्टर सांगतात, पण तो काठावर बसून करायचा, खोल पाण्यात कधीच नाही.

निदान लाँग क्यूटीचं, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाची वीज पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागण्याच्या आजाराचं, असेल तर हा रिव्ह्यू तुम्हाला लागू नाही. त्याच्या पहिल्या प्रकारात पोहणं हेच लय बिघडायचं कारण ठरू शकतं, तेही कोणतीही सूचना न देता. तिथे आधी इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्ट, म्हणजे हृदयाच्या लयीचे तज्ज्ञ, मग बाकी सगळं. डॅना वोल्मर या अमेरिकन जलतरणपटूचं २००३ मध्ये एसव्हीटीसाठी ॲब्लेशन झालं, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. त्यानंतर लाँग क्यूटीही निघालं. ती पोहत राहिली, पण तिची आई सराव आणि स्पर्धांना एईडी, म्हणजे हृदयाला झटका देणारं यंत्र, घेऊन काठावर असायची. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये तिला रिलेत सुवर्ण मिळालं आणि २०१२ ला लंडनमध्ये १०० मीटर बटरफ्लायचं, ५५.९८ सेकंदांच्या विश्वविक्रमासह. ही गोष्ट मी कितीदा तरी वाचली आहे. तुमच्या टँकवर एईडी आहे का, ते कुठे ठेवलंय आणि कोणाला वापरता येतं, हे पट्टा घेण्याआधी विचारा. नसेल तर मागणी करा, पाठपुरावा करा.

घेणार असाल तर छातीचं माप घेऊन साइज निवडा, दोन साइज मिळतात. सैल पट्टा पाण्यात निरुपयोगी. पोहून झाल्यावर सेन्सर काढून पट्टा साध्या पाण्याने धुवा. सेन्सर ओल्या पट्ट्यालाच लावून ठेवला तर तो चालूच राहतो आणि सीआर२०२५ सेल उगाच संपतो. तो सेल घड्याळाच्या दुकानात सहज मिळतो, बदलताना आतली रबरी रिंग नीट बसली आहे ना ते बघा.