घरात कपडे वाळवायला काय घ्यावं: पंखा की डिह्युमिडिफायर?

जुलैत तरणा-म्हातारा पाऊस झड धरतो तेव्हा बेळगावात सकाळी वाळत घातलेली जीन्स दुसऱ्या दिवशीही कमरेला ओलीच लागते. ड्रायर घ्यायला फ्लॅटमध्ये जागा नसते, आणि सेमी-ऑटोमॅटिकच्या ड्रायरमधून कपडे पिळून निघतात, वाळून नाही. मग उरतात दोन रस्ते: वलण आणि पंखा, किंवा हवेतली ओल खेचणारं डिह्युमिडिफायर.

त्याआधी पिळणीचं बघा. पाच किलो सुती कपडे मशीनमध्ये मिनिटाला १२०० फेऱ्यांवर पिळले तरी त्यांत साधारण अडीच लिटर पाणी उरतं. हातानं पिळले तर कितीतरी जास्त. हे सगळं पाणी तुमच्या खोलीच्या हवेत जाणार आहे. म्हणून मशीन असेल तर पिळणीची फेरी दोनदा लावा. त्याला वीज अगदी थोडी लागते आणि वाळण्याचे काही तास वाचतात.

आता पंखा. बाहेरची हवा नव्वद टक्क्यांच्या वर ओली असली तरी पंखा काम करतो, कारण ओल्या कापडाला चिकटून राहिलेला दमट थर तो सतत हलवतो. पण छताच्या पंख्याखाली दाटीनं कपडे टांगले तर वरचे वाळतात आणि मधले तसेच राहतात. उभा पंखा कपड्यांच्या बाजूनं, खालून वर झोत जाईल असा ठेवा. दोन कपड्यांत चार बोटं अंतर सोडा, पँट उलटी करून खिसे बाहेर काढा. पाऊस थांबला की समोरासमोरच्या खिडक्या उघडा, नाहीतर तीच ओली हवा घरात फिरत राहते. साधा ७५ वॅटचा पंखा आठ तास चालला तर ०.६ युनिट जातं, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरच्या पंख्याला त्याच्या निम्म्याहून कमी. जागेची अडचण असेल तर छताला लावायचा दोरी ओढून वर-खाली करायचा हँगर स्टँडपेक्षा बरा: पायांत येत नाही, आणि वरची हवा थोडी उबदारही असते.

डिह्युमिडिफायरचं गणित उलटं आहे. ते लावायचं तर दारं-खिडक्या बंद हव्यात. उघडी ठेवली तर ते सगळ्या गल्लीची ओल खेचत बसेल. दिवसाला १०-१२ लिटर पाणी खेचणारं यंत्र साधारण २५० वॅट घेतं, म्हणजे सहा तासांत दीड युनिट. किंमत दहा हजारांच्या वर जाते. खोक्यावर लिहिलेले लिटर बहुतेक वेळा ३० अंश आणि ८० टक्के ओलाव्यावर मोजलेले असतात. आपल्याकडे पावसाळ्यात पारा बावीस-पंचवीसच्या आसपास असतो, तेव्हा तेवढं पाणी निघेल अशी अपेक्षा धरू नका. तरीही एका रात्रीत गणवेश घालण्याजोगे वाळतात, आणि भिंतींना, कपाटाला बुरशी धरत नाही. दम्याचा त्रास असलेलं माणूस घरात असेल तर मी हा खर्च चैनीचा म्हणणार नाही.

विजेचा विचार कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेमुळेही करावा लागतो. ही योजना जुलै २०२३ पासून आहे. मोफत युनिटं तुमच्या आधीच्या सरासरीवर थोडी भर धरून ठरतात, त्यावरच्या वापराचे पैसे लागतात, आणि २०० ओलांडले तर पूर्ण बिल येतं. रोज दीड युनिट म्हणजे महिन्याला ४५. सरासरी आधीच दीडशेच्या वर असलेल्या घराला हे परवडेल का, ते हेस्कॉम या वीज कंपनीचं जुनं बिल समोर ठेवूनच ठरवा.

गॅसच्या शेगडीवर कपडे टांगणं मात्र दोन्हींच्या तुलनेत कुठेच बसत नाही. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवणं तर जिवावर बेततं. खानापूरकडच्या जुन्या घरांत चुलीवरच्या वलणीला कपडे वाळायचे, पण तिथं कौलांतून धूर आणि वाफ बाहेर पडायची. स्लॅबच्या घरात ती सोय नाही.

आणि तो कुबट वास? मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचे जीवाणू ओल्या कापडात वाढले की तो येतो. कपडा जितका जास्त वेळ ओला, तितका वास जास्त. फॅब्रिक कंडिशनरनं तो फक्त झाकला जातो. आधीच वास धरलेले टॉवेल कडकडीत गरम पाण्यात धुवा.

बेळगाव जिल्ह्यात निवड तालुक्यावरही आहे. अथणी, रायबागला यंत्राची गरज नाही, तिथं पाऊस मुळातच कमी. निपाणी, चिकोडीत पंखा आणि पत्र्याच्या शेडमधली दोरी पुरते. बेळगाव शहरात टिळकवाडी, शहापूर, वडगावात हवेशीर घर असेल तर मी पंखाच सुचवीन. तळमजला असेल, एकच खिडकी असेल, तान्हं मूल असेल तर यंत्र घ्या. कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात, जिथं मलप्रभेचा उगम आहे आणि आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही, तिथं पंखा एकटा पुरणार नाही. तिथं एक लहान खोली कपड्यांसाठी राखा, यंत्राबरोबर पंखाही लावा आणि दार घट्ट बंद ठेवा. वाकळा आणि जाड चादरी मात्र यांपैकी कशावरच सोडू नका. त्या आतपर्यंत वाळत नाहीत, तेव्हा मिरगाआधीच धुऊन घ्या.