गुडघेदुखीचं सात दिवसांचं पॅकेज: पैसे कुठे वसूल होतात, कुठे वाया जातात

पावसाची झड लागली की कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरीत पंचकर्म केंद्रांबाहेर ‘गुडघेदुखी पॅकेज’चे फलक लागतात. हंगाम बरोबर आहे. वर्षा ऋतूत वात वाढतो आणि वातावर बस्ती (गुदमार्गानं दिलेलं औषधी तेल किंवा काढा), हे आयुर्वेदाचं ठरलेलं सूत्र. पॅकेजमध्ये बहुतेक ठिकाणी चारच गोष्टी मिळतात: जानुबस्ती (गुडघ्यावर पिठाच्या कड्यात कोमट तेल धरून ठेवणं), मात्राबस्ती (थोड्या तेलाची बस्ती), गुग्गुळाच्या गोळ्या आणि योगासनं. यातल्या योगासनांना सगळ्यात कमी वेळ दिला जातो आणि टिकणारा फायदा तर त्यांच्यातूनच येतो. आमची मुख्य तक्रार हीच.

त्याआधी निदान. झिजेमुळे होणारा संधिगत वात वेगळा, सांधे सुजवणारा आमवात वेगळा. पहिल्यात तेल औषध, दुसऱ्यात तेच अपथ्य. गुडघा गरम आणि सुजलेला, सोबत मनगटं नि बोटंही दुखतायत, सकाळचा ताठरपणा तासभर सुटत नाही, अशा रुग्णाच्या गुडघ्यावर तेल ओतलं की दुखणं वाढतं. तिथं लंघन, सुंठ आणि वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक लागतो. शिवाय संधिवाततज्ज्ञाचं औषध लांबवायचं नसतं, नाहीतर सांधे कायमचे वाकडे होतात. झिजेत ताठरपणा साधारण अर्ध्या तासाच्या आत सुटतो. चांगला वैद्य शंका आली की ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर या रक्ततपासण्या करून आणायला सांगतो. तपासण्याआधीच आगाऊ पैसे भरून घेणाऱ्या ठिकाणाहून सरळ उठून यावं.

जानुबस्ती दिसते सोपी, पण हाताचं कसब लागतं ते इथंच. उडदाचं पीठ कोमट पाण्यात पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळायचं. एका गुडघ्याला पाव किलोच्या आसपास लागतं. गुडघ्याच्या वाटीभोवती त्या पिठाचं दोन इंच उंचीचं कडं बसवायचं आणि आतून-बाहेरून ओल्या बोटानं त्याच्या फटी लिंपायच्या. तेल गळतं ते दोन कारणांनी: पीठ सैल असतं किंवा पायावरचे केस काढलेले नसतात. तेल गॅसवर थेट तापवू नये, गरम पाण्याच्या पातेल्यात तेलाची वाटी ठेवून कोमट करावं. ते कडेनं हळूहळू सोडायचं, मधोमध ओतायचं नाही. निवत आलं की कापसानं टिपून काढायचं आणि गरम घालायचं, असं ३० ते ४० मिनिटं. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेली असेल तर परिचारकानं दर वेळी आधी स्वतःच्या मनगटावर तेल पाहिलंच पाहिजे. रुग्णाला चटका कळतच नाही आणि फोड येतो. तेच तेल दोन-तीन दिवस वापरायला हरकत नाही, पण बाटलीवर तुमचं नाव हवं. एकाचं तेल दुसऱ्याला वापरणारं केंद्र आमच्या लेखी नापास.

जानुबस्तीनं आखडलेपणा सुटतो, दुखणं काही आठवडे हलकं राहतं. झिजलेली कूर्चा (सांध्यातली गादी) मात्र तेलानं भरून येत नाही. तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

मात्राबस्ती म्हणजे साधारण ६० मिली कोमट औषधी तेल, हलकं जेवण झाल्या झाल्या, डाव्या कुशीवर. उपाशीपोटी दिलं, घाईनं ढकललं किंवा कोठा साफ नसला तर ते लगेच बाहेर येतं. थोडं तेल नळीत शिल्लक ठेवायचं, म्हणजे हवा आत जात नाही. जुलाब चालू असतील किंवा मूळव्याधीतून रक्त जात असेल तर बस्ती नको.

पांढरा रस्सा चालेल का, हा प्रश्न कोल्हापुरात चुकत नाही. वातात मांसरस पथ्यच आहे. फक्त तो अळणी प्यावा, कट आणि मसाला बस्तीचे दिवस बाजूला ठेवावा.

योगासनांकडे येऊ. सातही दिवस गटानं सूर्यनमस्कार आणि वज्रासन करून घेणारी केंद्रं आहेत. झिजलेल्या गुडघ्याला वज्रासन, मालासन, पद्मासन सध्या नकोतच. हवं ते मांडीच्या पुढच्या स्नायूला बळ देणारं. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. मांडी आवळून गुडघ्याची वाटी वर ओढा, ५ ते ६ सेकंद धरा, सोडा. असं १० वेळा, दिवसातून दोनदा. पुढे एकपाद उत्तानपादासन (उताणं झोपून एक पाय सरळ उचलणं), मग खुर्चीला धरून अर्धवट उठबस. श्वास रोखून धरला तर रक्तदाब चढतो, म्हणून मोजणी तोंडानं मोठ्यानं करावी. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, सात दिवसांत काही होत नाही. त्यामुळे निघताना लेखी व्यायामपत्रक आणि महिन्याभरानं फेरतपासणी मिळते का, हे आधीच विचारा. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. एवढं कुठलंच तेल करत नाही.

गोळ्यांचं म्हणाल तर योगराज आणि महायोगराज गुग्गुळ एक नव्हेत. महायोगराजात शिसं, पारा यांच्यापासून बनवलेली भस्मं असतात. ती वैद्याच्या देखरेखीखाली, ठरावीक मुदतीसाठीच घ्यावीत. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तो आधी सांगावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कुठलाही गुग्गुळ विचारल्याशिवाय नको. साखरेची, बीपीची औषधं परस्पर बंद करू नयेत.

डबीवर घटक, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत नसेल तर ती परत करा. बिनलेबलाच्या पुड्यांनी दोन दिवसांत दुखणं गायब झालं, भूक वाढली, चेहरा सुजला, साखर चढली, तर आत स्टेरॉइड असण्याचा संशय घ्यावा. अशी पुडी महिनोन् महिने घेतली असेल तर एकदम थांबवू नका, चक्कर येऊन रक्तदाब कोसळू शकतो. उरलेल्या पुड्या घेऊन सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन ओपीडीत किंवा आपल्या फिजिशियनकडे जा, डोस तेच हळूहळू उतरवतील.